जुन्या जीपचे मागील दिवे

कोंकणांतील एका वाचकांनीं आम्हांस विचारिलें आहे : "आमचे घरीं वडिलांचे वेळची महिंद्रची जीप आहे. पावसाळ्यांत आंबोलीच्या घाटानें रात्रीं-अपरात्रीं जावें लागतें. मागील दिवे अगदीं मंद आहेत, व मागें मुलें बसतात. तरी आणखी दोन जोरकस दिवे बसवून घ्यावे काय ?" मुलांविषयींचें तें एक वाक्य नसतें, तर हा प्रश्न आम्हीं मिस्त्रीकडेच धाडिला असता. परंतु ज्यांनीं ही गाडी पाहिली आहे त्यांस ठाऊक आहे कीं, तिचीं मागील बांकें चाकांवर लांबट मांडलेलीं असतात, आणि त्यांवर बसलेल्या मुलांच्या व मागून येणाऱ्या मोटारीच्या मध्यें एक पत्र्याची फळी व ताडपत्री याहून अधिक कांहीं नसतें.

आमची स्वतःची फजिती येथें सांगण्यास हरकत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमचे ज्येष्ठ बंधु व आम्ही अशाच एका गाडींतून तोच घाट उतरत होतों. धुकें इतकें दाट कीं रस्त्याचा कठडाहि दिसेना. मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकानें एका वळणावर आपली गाडी जेमतेम आवरली, आणि खालीं उतरून तो म्हणाला, "काका, तुमच्या गाडीला पाठ हाय का न्हाई ?" बंधूंनीं निघतांना दिवे पाहिले होते, व ते लागतहि होते. वाटेंतील खड्ड्यांनीं मागील दिव्यांची तार निसटली होती. पुढचा दिवा विझला तर चालकास तत्काळ कळतें; मागचा विझला तर तें दुसऱ्यास कळतें, आणि तेंहि फार जवळ आल्यावर.

ही गाडी मूळची लढाईंतली. दुसऱ्या महायुद्धांतील जीपांस मागें अगदीं बारीक फटींचे तांबडे दिवे असत. ते दुरून एकच ठिपका दिसत, आणि जवळ जावें तसतसे त्या ठिपक्याचे सुटे भाग होत. त्यावरून ताफ्यांतील मागच्या चालकास पुढच्या गाडीचें अंतर ताडतां येई, आणि वरून शत्रूच्या विमानास कांहीं दिसत नसे. मागील दिवा ही मागच्या माणसाशीं बोलण्याची भाषा आहे, हें त्या योजकांनीं किती नेमकें ओळखलें होतें ! पुढें स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीनें विलिस कंपनीच्या जीपा सुट्या भागांत मागवून मुंबईस जोडण्यास आरंभ केला. वाचकांची गाडी त्याच कुळांतली.

आतां उत्तर. नवे दिवे घेण्यापूर्वीं जुने कां मंदावले तें पाहावें. तारेच्या बल्बाचा एक विचित्र गुण आहे : त्यास पोंचणारा विजेचा दाब एक दशांश घटला कीं उजेड सुमारें तीन दशांश घटतो. जुन्या जीपेंत वीज दिव्याकडे तारेनें जाते, परंतु परत येते ती गाडीच्या पत्र्यांतून. आणि कोंकणच्या खाऱ्या हवेंत त्या पत्र्याची काय अवस्था होते हें आम्हीं सांगावयास नको. परीक्षा सोपी आहे. दिवे लावून ब्याटरीच्या ऋण टोंकापासून एक लांब तार दिव्याच्या धातूच्या घरास टेंकवावी. उजेड एकदम वाढला तर दोष बल्बाचा नसून गंजाचा आहे. (कित्येक जुन्या इंग्रजी गाड्यांत धन टोंक पत्र्यास जोडलेलें असतें, तेथें तार त्या टोंकाची घ्यावी.) मग जागा घांसून, प्रत्येक दिव्यास स्वतंत्र परतीची तार सांगाड्यापर्यंत न्यावी. कित्येकांची गरज एवढ्यावरच भागेल, आणि खर्च फारसा यावयाचा नाहीं.

तरीहि अधिक दिवे हवेच असतील, तर आधीं ब्याटरी सहा व्होल्टची कीं बारांची तें पाहावें. थांबण्याचा दिवा बहुधा २१ वॉटचा असतो. बारा व्होल्टांवर दोन दिव्यांस साडेतीन अँपियर लागतात, चारांस सात. ब्रेकच्या तेलाच्या दाबानें चालणारें जुन्या जीपेचें लहानसें बटण हा भार फार दिवस सोसत नाहीं. म्हणून बटणानें केवळ एक रिले चालवावा, आणि दिव्यांस वीज ब्याटरीपासून वेगळ्या फ्यूजमधून द्यावी. तार पत्र्याच्या भोंकांतून जाते तेथें रबरी कडी हवीच. कडीशिवाय ओवलेली तार घाटाच्या हादऱ्यांनीं एक दिवस सोलून निघते. जोड डाक लावून करण्यापेक्षां दाबून बसविलेले बरे. डाकेच्या कडेशीं ताठ झालेली तार हादऱ्यानें तुटते. आमच्या मिस्त्रींस हें पटत नाहीं, परंतु आमचा आग्रह कायम आहे.

एल. ई. डी. दिवे घेतल्यास भार पुष्कळ कमी होतो, आणि ते तात्काळ उजळतात. तारेच्या बल्बास पूर्ण उजळावयास सेकंदाचा सुमारें पांचवा हिस्सा लागतो. तेवढ्यांत ताशीं ६० किलोमीटर वेगानें येणारी गाडी तीन मीटरांहून अधिक पुढें येते, आणि घाटांतील वळणावर तीन मीटर पुष्कळ होतात. मात्र हे दिवे उलट जोडले तर लागत नाहींत.

दिवा कोणता लावावा, याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. पहिला, थांबण्याचा तिसरा दिवा, उंचावर, ताडपत्रीच्या मागील लोखंडी कमानीस. अमेरिकेंत १९८६ पासून नव्या मोटारींस असा उंच दिवा सक्तीचा झाला. पुढें १९९८ सालीं सरकारी पाहणींत मागून बसणाऱ्या धडका त्यानें शेंकडा ४.३ नेंच कमी झाल्याचें आढळलें. लाभ लहान खरा, पण त्या चारांत कोणाचें मूल असेल हें कोण सांगणार ? दुसरा, धुक्याचा तांबडा दिवा, एकच, उजव्या अंगास. तो थांबण्याच्या दिव्यापासून दहा सेंटिमीटरांहून दूर हवा, असा युरोपांतील नियम आहे. कारण दोन प्रखर तांबडे दिवे शेजारी असले म्हणजे पुढची गाडी थांबते आहे कीं नुसती चालते आहे, हें मागच्यास उमगत नाहीं. याच कारणास्तव पत्रांतील "दोन जोरकस दिवे" आम्हांस मान्य नाहींत : कायमच्या झगझगाटांत ब्रेकची खूण बुडून जाते. धुकें ओसरतांच हा दिवा बंद करावा. पांढरा प्रखर दिवा मागें लावण्याची हल्लीं हौस दिसते; तो मागें हटतांनाच लागेल अशी जोडणी नसेल, तर तो मुळींच नको. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं मागें तांबड्यावांचून अन्य प्रकाश दाखविण्यास मनाई आहे; नंबरपट्टी, दिशादर्शक व मागें हटण्याचा दिवा असे कांहीं अपवाद त्यास आहेत. शिवाय १९८८ च्या कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरफारांविषयीं आहे. तेव्हां काम करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें.

काम झाल्यावर गाडी एका सरळ रस्त्यावर उभी करावी, आणि संध्याकाळीं घरांतील एकाद्या जाणत्या मुलास दीडशें मीटर मागें रस्त्याच्या कडेस उभें करावें. नियमांत १५५ मीटरांवरून तांबडा दिवा दिसण्याची अट आहे. प्रथम नुसते दिवे लावावे, नंतर ब्रेक दाबावा, आणि दोहोंतील फरक त्यास विचारावा. "दिसतो" एवढ्या उत्तरावर समाधान मानूं नये. "आतां थांबलांत" असें त्यानें न विचारतां ओरडून सांगितलें पाहिजे. आणि ही परीक्षा सामान भरल्यावर घ्यावी. आमच्या एका परीक्षेंत नवा दिवा उत्तम होता. त्यापुढें वहिनींनीं आजोळीं न्यावयाचे दोन फणस बांधले होते.