धर्मापुरीतले दंश आणि पुण्यातल्या प्रयोगशाळा

परळी तालुक्यातल्या धर्मापुरीला बाहेरचा माणूस जातो तो केदारेश्वराचे मंदिर आणि किल्ला बघायला. गावातली जी मुलेमुली बारावीनंतरही विज्ञानाला धरून राहतात, ती परळीला नाही तर अंबाजोगाईला शिकतात. एमएस्सीसाठी छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर गाठतात. पुढे बीएड, स्पर्धा परीक्षा, नाही तर औषध कंपनीतली नोकरी. शरीर रोगाशी कसे झुंजते आणि कुठे हरते याचा शोध म्हणजे रोगप्रतिकारशास्त्र. त्यात पीएचडी करता येते, त्या काळात दरमहा पैसेही मिळतात आणि हे काम करणाऱ्या देशातल्या नावाजलेल्या संस्थांपैकी काही पुण्या-मुंबईतच आहेत. हे त्यांच्या कानावर येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. शिवाय ‘हे आपल्यासारख्यांचे काम नाही’ हा समज घरात आणि वर्गातही मुरलेला.

तो समज किती चुकीचा आहे, हे मराठवाड्याच्याच एका माणसाने दाखवून दिले आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे आजच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नोकरीला लागले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत होती. पुस्तकातल्या उपचारांचा उपयोग होत नव्हता. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. दरदरून घाम, थंडगार पडलेले हातपाय, आधी चढणारा आणि मग कोसळणारा रक्तदाब, शेवटी तोंडाला फेस: हा क्रम त्यांनी तासातासाला टिपला. विष मज्जातंतूंना चेतवते, शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. यंत्रणा कळली तसा उपायही सुचला. रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध त्यांनी वापरले. दंशाच्या लक्षणांवरचा त्यांचा लेख 1982 मध्ये आणि प्राझोसिनवरचा 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गंभीर दंशाच्या रुग्णांत पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण सुमारे एक टक्क्यावर आले.

रोगप्रतिकारशास्त्र या कथेत पुढे येते. 2011 मध्ये डॉ. हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या 70 रुग्णांवर केलेली चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केली. नुसत्या प्राझोसिनवर रुग्ण सावरायला सरासरी 17.7 तास लागत होते. सोबत विंचवाच्या विषाची प्रतिलस दिली की 8 तास. प्रतिलस म्हणजे घोड्याच्या शरीरात तयार करून घेतलेली प्रतिपिंडे. सापाच्या विषावरची प्रतिलसही अशीच बनते, आणि बीड जिल्ह्यातल्या शेतमजुरांच्या व ऊसतोड कामगारांच्या दृष्टीने खरा प्रश्न तिथे आहे. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसे मरतात, असा 2000 ते 2019 या काळाचा अंदाज आहे. आपल्याकडची सर्पदंशाची प्रतिलस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी असते आणि तिच्यासाठीचे विष प्रामुख्याने तामिळनाडूतल्या इरुला सापपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रांताप्रांतात बदलते आणि काही ठिकाणी ही प्रतिलस कमी पडते, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने दाखवले आहे. मग मराठवाड्यातल्या घोणशीच्या विषाला ही प्रतिपिंडे कितपत बांधतात? हा पीएचडीचा अस्सल विषय आहे. तो सुचायला धर्मापुरीच्या शिवारात वाढलेल्या मुलाला परदेशी नियतकालिक चाळावे लागत नाही.

संस्थांची वानवा नाही. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, आयसर, विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही आणि भोसरीची एड्स संशोधन संस्था. मुंबईत केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आणि परळची हाफकिन. खारघरला टाटा स्मारकाचे ॲक्ट्रेक. दार बहुतेक ठिकाणी परीक्षेचेच: सीएसआयआर-यूजीसीची नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी, आयसीएमआरची जेआरएफ. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती 2023 पासून दरमहा 37 हजार रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. आयसरसारख्या काही संस्थांत बीएस्सीनंतरच एकात्मिक पीएचडीला प्रवेश मिळू शकतो. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप पदवीच्या विद्यार्थ्याला दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत नेऊन बसवते. ही माहिती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी वर्गात सांगितली गेली पाहिजे. त्यासाठी शासन निर्णयाची गरज नाही, एका प्राध्यापकाची आस्था पुरते.

पण माहिती पोचली की सगळे झाले, असे नाही. प्रयोगशाळेत या कामाची सुरुवात कशी होते ते पाहू. रुग्णाचे रक्त नळीत घेतात, ते एका दाट द्रवावर अलगद सोडतात आणि यंत्रात गरगर फिरवतात. लाल पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर रक्तद्रव, आणि मधोमध एक पातळ, ढगाळ पांढरा थर. प्रतिकाराच्या पेशी याच थरात असतात. त्या रक्त काढल्यापासून काही तासांत वेगळ्या करून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवाव्या लागतात; उशीर झाला की मरतात, किंवा त्यांचे वागणे बदलते. अंबाजोगाईत संध्याकाळी घेतलेले रक्त रात्रीच्या गाडीने पुण्याला पोचेपर्यंत त्यातला बराच पुरावा नासलेला असतो.

म्हणून आमची मागणी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली आहे. सत्तरच्या दशकात खास ग्रामीण भागासाठी उभ्या राहिलेल्या या संस्थेकडे सर्पदंशाचे, क्षयाचे, कुपोषणाचे रुग्ण येतात. पुण्या-मुंबईच्या संशोधकांना हेवा वाटावा असे हे साहित्य आहे, आणि त्यामागे दुःख भोगणारी माणसे आहेत, म्हणून त्याचे मोल अधिक. रक्त फिरवायचे चांगले यंत्र, उणे 80 अंशांचा फ्रीझर, द्रवरूप नायट्रोजनचा नियमित पुरवठा, दोन प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि रुग्णाची संमती नीट समजावून घेणारी नीतिमत्ता समिती, एवढे कायम चालते असेल तर पुण्यातला मार्गदर्शक आणि अंबाजोगाईतला सहमार्गदर्शक यांच्या हाताखाली पीएचडी शक्य आहे. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत संशोधन युनिटे उभारण्याची योजना आहेच. महागडी फ्लो सायटोमीटरसारखी यंत्रे पुण्यातच राहू देत. पेशी मात्र अंबाजोगाईत जिवंत राहिल्या पाहिजेत.

राज्याने आणखी एक गोष्ट करायची आहे. नेटमध्ये थोडक्यात हुकलेल्यांना बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांचा आधार असतो. पण 2023 मध्ये बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना त्यासाठी मुंबईच्या आझाद मैदानात धरणे धरावे लागले. जीवशास्त्रातली पीएचडी पाच-सहा वर्षे चालते. सुट्टीत घरी गेले की पेशींना अन्न घालायला कुणीतरी लागते, आणि फेलोशिप थांबली की खोलीचे भाडे थांबत नाही. ज्याचे वडील कोयता घेऊन कारखान्यावर जातात, तो विद्यार्थी घरून पैसे मागवू शकत नाही. तो प्रयोग अर्धवट टाकून शिकवणीला लागतो. ठरलेल्या तारखेला फेलोशिप खात्यात जमा होईल याची हमी येत्या अर्थसंकल्पात द्यावी, आणि या विद्यार्थ्यांसाठीची तरतूद वर्षाच्या मध्यात दुसरीकडे वळवता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहावे.