भाच्याने नेलेली जीप



आंब्याच्या दिवसांत गाडी मागायला कोण येत नाही? गेल्या हंगामात ओळखीच्या एका बागायतदाराची जीप भाच्याने चिपळूणहून पाहुणे आणायला नेली आणि निवळी घाटात कठड्यावर घातली. माणसे वाचली. मामांना धास्ती विम्याची. वाडीतल्या शहाण्यांचा सल्ला तयारच होता, "गाडी तुम्हीच चालवत होतात, असे लिहून द्या!"

हे मुळीच करू नका. विमा गाडीचा असतो. तुमच्या संमतीने, योग्य परवाना असलेल्या दुसऱ्याने गाडी चालवली म्हणून तो रद्द होत नाही. खोटे नाव उघडे पडले, तर मिळायची भरपाईही जाते. मामांनी त्याच दिवशी कंपनीला कळवले, भाच्याचेच नाव लिहिले, त्याचा परवाना जोडला आणि पाहणी होईपर्यंत दुरुस्तीला हात लावू दिला नाही. पैसे मिळाले. नो क्लेम बोनस मात्र मामांचाच गेला. तो भाच्याने भरून द्यावा का, या घरच्या भांडणात मी पडत नाही.

भाच्याकडे परवानाच नसता तर? विनापरवाना माणसाला गाडी देणे हा मालकाचाही गुन्हा आहे. शिवाय स्वर्णसिंग खटल्याच्या 2004 च्या निकालाप्रमाणे, अशा वेळी कंपनी जखमी तिऱ्हाइताला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे बाग विकायची पाळी!

आज संध्याकाळी ट्रंकेतली पॉलिसी काढून वाचा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर मोडलेल्या जीपचा पैसा मिळत नाही, चालवणारा कोणीही असो.