निबंध पाठ, अर्ज मात्र येईना!

मंडळी, तुमच्या शिवारातली डीपी जळाली तर अर्ज कोण लिहून देतं? गेल्या रब्बीत आमच्या गावात दहावी झालेल्या पोराला बसवलं. त्यानं 'सविनय विनंती'पासून 'आपला आज्ञाधारक'पर्यंत कागद भरला. पण डीपी कोणती, कधी जळाली, किती मोटारी बंद, हेच राहिलं. कागद परत आला. हरभऱ्याचं घाटे भरतानाचं पाणी चुकलं ते चुकलंच.

पोराचा दोष नाही. दहा वर्षं त्यानं 'माझा आवडता प्राणी' लिहिला, तोही गाइडातला. गोठ्यात म्हैस, निबंधात मात्र गाय! वाचणारे एकटे गुरुजी, तेही मार्कांपुरते. आपण कुणासाठी लिहितोय, हा प्रश्नच त्याला कधी पडला नाही.

काहींचं म्हणणं, आधी जोडाक्षरं येऊ द्या, बाकीचं पुढं बघू. मला हे पटत नाही. पहिलीतलं पोरही बाजाराची यादी करतं: मीठ, तेल, काडेपेटी. 'तेल'चं 'तल' झालं तरी दुकानदाराला कळतं. दुसरीत पिठलं कसं करायचं ते लिहू द्या. आधी फोडणी की आधी पीठ, क्रम चुकला की आईच हसते. तिसरीत एकच घटना घ्या. समजा, गावचा हातपंप बंद पडलाय. मामाला लिहिलेल्या पत्रात आजीची चिडचिड येईल, ती आजीच्याच बोलीत येऊ द्यावी. फळ्यावरच्या बातमीत वार आणि ठिकाण पहिल्या ओळीत. सरपंचांच्या अर्जात आजी नको. पंप कुठला, किती दिवस बंद, काय करून हवं, एवढंच. गोष्टीत तर पंप स्वतःच रुसून बसला तरी चालेल. पंप तोच, लिखाण चार तऱ्हेचं.

नमुने हवेत तर बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. गोष्ट, कविता, कोडी त्यात शेजारीशेजारी असतात. शाळेच्या पेटीत जुने अंक असले तर कुलूप तेवढं काढा.

वेळ कुठाय, असं गुरुजी म्हणतील. खरंय, दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे, वर मागतील ते तक्ते भरून द्यायचे. म्हणून आठवड्याला एकच तास मागतो. पण त्या तासाला लाल पेन खिशात राहू द्या.

येत्या २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा होईल. तिथं चौथीच्या पोरांचा अर्ज त्यांनाच वाचू द्या. आणि सरपंचांकडून उत्तर लेखी घ्या.