शिकाऊ की स्वस्त मजूर?

१९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवाराला ‘कामगार’ न मानता ‘प्रशिक्षणार्थी’ ठरविले. काही मालकांना ही व्याख्या भलतीच सोयीची वाटते. २०१४च्या दुरुस्तीत त्यांच्यावरील तुरुंगवासाची टांगती तलवार दूर झाली. २०१९च्या नियमांनी ३० किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के उमेदवार घेणे बंधनकारक केले. डोकी मोजणे सोपे. मात्र आयटीआय उत्तीर्ण टर्नर वर्षभर लेथवर हात बसवत होता की नुसता माल उचलत होता, हे हजेरीपटावरून कसे कळणार? तपासणी व्हायला हवी ती शिकविण्याची. अंतिम परीक्षेत उणीव उघडी पडते खरी. पण तोवर वर्ष गेलेले असते आणि नापासाचा शिक्का त्या मुलावरच बसतो.