आधी बाजेची वाट, मग सायकलची



जंगलातल्या दऱ्याखोऱ्यांतून सायकलवाटा काढायची हवा सध्या सुटली आहे. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात भाड्यानं सायकली मिळतात. आपल्या अंबाबारवात जीपगाड्यांची सफारी आलीच आहे. मग वान नदीच्या दरीतून एक सायकलवाट का नको, असं शहरातली मंडळी बोलू लागली आहेत. धूर नाही, आवाज नाही, आदिवासींना रोजगार मिळेल, म्हणतात. ऐकायला गोड आहे. म्हणूनच नीट पारखून घेऊ.

सायकलशी आमचं वैर नाही. आमच्या पोरांनाही शाळेत जायला सायकल पाहिजे. आमचे प्रश्न दोनच आहेत. आधी वाट कोणासाठी? आणि ती ठरवणार कोण?

जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या डोक्यावर सातपुडा आहे. तिथं कोरकू, निहाल, भिलाला, बारेला, पावरा लोकांच्या वस्त्या आहेत. पावसाळ्यात नाले भरले की आजारी माणसाला बाजेवर टाकून, खांद्यावरून खाली आणावं लागतं. रस्ता मागायला गेलं की उत्तर ठरलेलं: "जंगलाची जमीन आहे, आमच्या हातात नाही."

हे खोटं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) उघडा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याचं पाणी, विजेची तार, रस्ता अशा १३ सोयींसाठी वनजमीन देता येते. एका कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. यात १९८० च्या वन संवर्धन कायद्याची आडकाठी नाही, हेही त्याच कलमात लिहिलंय. त्या १३ सोयींत पर्यटन नाही, रिसॉर्ट नाही, सायकलवाटही नाही.

आता दुसरी बाजू पाहा. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तोच १९८० चा कायदा बदलला. सरकारी प्राणिसंग्रहालय, सफारी आणि आराखड्यात नोंदलेल्या इको-टुरिझमच्या सोयी ही "वनेतर कामं" नाहीत, असं ठरवून टाकलं. म्हणजे पाहुण्यांची वाट हे जंगलाचंच काम, आणि आपण बाजेसाठी वाट मागितली की ते अतिक्रमण! वा रे न्याय!

मग वाघाचं नाव पुढं करतात. १९९७ साली अंबाबारवा अभयारण्य झालं, सुमारे १२७ चौरस किलोमीटरचं. ज्या गावाचं नाव अभयारण्याला दिलं, त्या गावालाच तिथून उठावं लागलं. गाव गेलं, नाव राहिलं, आणि आता त्याच नावानं सफारीचं तिकीट फाटतं. माणसाच्या वासानं वाघ बुजतो म्हणे. मग गाडीतल्या माणसाला वास नसतो काय? २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ शेकडो किलोमीटर चालत आपल्या जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. तो शेतकऱ्यांच्या वावरांतून, रस्ते ओलांडून आला. 

रोजगाराचं बोलू. दरी आमची, डोह आमचे, मोहाची झाडं आमच्या आज्यानं राखलेली. आणि आमच्या वाट्याला काय? पाहुण्यांच्या ताटल्या धुणं आणि गेटावर सलाम ठोकणं! बोरिवलीच्या जंगलात आदिवासींचे पाडे आहेत. लाखो पर्यटक तिथं जातात. पाड्यातली माणसं वर्षानुवर्षं वीज, पाणी आणि राहण्याच्या हक्कासाठी झगडतायत. पर्यटनानं आपोआप भलं होत असतं, तर पहिल्यांदा त्यांचं झालं असतं.

उलट शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं पायविहीर पाहा. गावानं सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड जंगल राखलं, सीताफळ स्वतः विकलं. २०१४ साली त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आधी हक्क आला, मग पैसा आला. हा क्रम उलटा करून चालत नाही.

ठरवणार कोण, याचंही उत्तर कायद्यात आहे. कलम ५ सांगतं की सामूहिक वनात कोणी यायचं, कसं यायचं, याचं नियमन ग्रामसभा करू शकते. जंगलाला, जनावराला इजा होईल असं काम ग्रामसभा थांबवू शकते. काही जण सांगतात, "बुलडाणा जिल्हा पेसात नाही, तुम्हाला हे लागू नाही." फसू नका. वनहक्क कायद्याला पेसा लागत नाही. नोंद नसलेली वस्तीही या कायद्यात गाव धरली आहे. आणि ग्रामसभेचं "नाही" पोकळ नसतं. २०१३ साली ओडिशात नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी एकमुखानं नकार दिला. बॉक्साइटच्या खाणीला तिथं थांबावं लागलं.

म्हणून आता कामाला लागू:

१) सामूहिक वनाचा दावा राहिला असेल तर या हंगामातच भरा. नकाशात दरी, डोह, देवाची जागा, मोह, चारोळी, चराई सगळं दाखवा. दावा देताना पोच घ्या.

२) रस्ता, पाणी, दवाखान्यासाठी कलम ३(२) खाली ग्रामसभेचा ठराव करून द्या. नुसता तोंडी अर्ज नको.

३) ग्रामसभेला निम्मे सभासद आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. नाहीतर ठराव उडवून लावतील.

४) सायकलवाट, गेट, तंबू, कशाचाही कागद आला तर त्याच दिवशी सही-अंगठा देऊ नका. नाकेदार कितीही गोड बोलो. कागद मराठीत मागा, सभेत आपल्या बोलीत वाचून घ्या, मग ठरवा.

उद्या ग्रामसभेनंच ठरवलं की सायकलवाट करायची, तर ती आपण करू. तिकीट ग्रामसभेचं, नियम ग्रामसभेचे, पावसाळ्यात बंद, देवाच्या जागी बंद. पण त्याआधी बाजेवरचा माणूस दवाखान्यात वेळेवर पोचला पाहिजे. ती वाट होईपर्यंत दुसऱ्या वाटेला आमची शिफारस नाही.

आमच्या गावात आम्हीच सरकार!
जल, जंगल, जमीन आमची!