बिट मोजू नका, मिक्सिंग कोणाचं ते पाहा

जुन्या रॉक अल्बमची हाय-रिझोल्यूशन सराउंड आवृत्ती निघाली की जाहिरातीत ठळक छापतात ते आकडे: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. पण कानाला सर्वांत कमी जाणवतो तो नेमका या आकड्यांचाच फरक. माणसाला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि साध्या सीडीचं १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचं माप तेवढ्याला पुरून उरतं. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आपल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. सुपर ऑडिओ सीडी या हाय-रिझोल्यूशन डिस्कचा आवाज साध्या सीडीच्या मापात उतरवून ऐकवला, तर नेहमीच्या पातळीला श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. त्याच दोघांनी हेही नोंदवलं, की अशा अनेक डिस्क ऐकायला सरस वाटतात, कारण त्या निगुतीनं तयार केलेल्या असतात. म्हणजे पैसे द्यायचे ते निगुतीचे, आणि सराउंडच्या बाबतीत नव्या मिक्सिंगचे.

'पिंक फ्लॉइड'चा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) घ्या. 'मनी'च्या सुरुवातीला नाण्यांचा खणखणाट, कागद टर्रकन फाटणं, गल्ल्याचा खटका असे आवाज सात मात्रांत फिरतात. टेपचे तुकडे पट्टीनं मोजून, कापून, जोडून तो फेरा बनवला होता. स्टीरिओत तो डावी-उजवीकडे हलतो. चार स्पीकरांसाठी केलेल्या रूपात एकेक आवाज खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यातून चालत जातो. तयार दोन चॅनेलांच्या टेपवर कितीही हात फिरवला तरी हे साधत नाही. त्यासाठी मूळ मल्टिट्रॅक टेपांकडेच, म्हणजे आवाज वेगवेगळे ठेवलेल्या टेपांकडेच, जावं लागतं.

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की १९७३ मध्ये लोकांनी जो स्टीरिओ ऐकला तीच मूळ कृती, बाकी सगळी ढवळाढवळ. या अल्बमपुरता तरी हा आक्षेप टिकत नाही. 'पिंक फ्लॉइड'नी १९६७ मध्येच लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये प्रेक्षकांच्या चहूबाजूंनी आवाज फिरवला होता. पुढे लंडनच्या तारांगणात या अल्बमचा पत्रकारांसाठी कार्यक्रम ठरला, तेव्हा चार चॅनेलांचं मिक्सिंग तयार नव्हतं म्हणून रिक राइट सोडून बँडमधल्या सगळ्यांनी त्यावर बहिष्कार टाकला. सराउंड हे नंतर चिकटवलेलं शेपूट नव्हे, एवढं त्यावरून पुरेसं सिद्ध व्हावं.

मात्र हेच प्रमाणपत्र प्रत्येक जुन्या अल्बमला देता येणार नाही. 'सार्जंट पेपर'च्या वेळी बीटल्सनी जातीनं लक्ष घातलं ते मोनोत. तिथे सराउंड ही सरळसरळ नंतरची कल्पना. खुद्द 'डार्क साइड'चीही सराउंड रूपं एकाहून अधिक आहेत. मूळ रेकॉर्डिंगचे इंजिनिअर अ‍ॅलन पार्सन्स यांनी त्या काळात चार चॅनेलांचं केलं, तर २००३ च्या सुपर ऑडिओ सीडीसाठी जेम्स गथ्री यांनी ५.१ चं, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक अशा मांडणीचं. टेपा त्याच, पण कुठला आवाज पाठीमागे ठेवायचा आणि कुठला समोर, हा निर्णय ज्याचा त्याचा. म्हणून मी याला सुधारणा म्हणणार नाही. हा नवा अन्वय आहे, आणि अन्वय लावणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर हवं. आज ते आतल्या पुस्तिकेच्या बारीक टायपात दडलेलं असतं.

पाच स्पीकर मांडायला आपल्याकडे किती जणांच्या दिवाणखान्यात जागा आहे, हा प्रश्न रास्त आहे. डॉल्बी अ‍ॅटमॉस हा सराउंडचा प्रकार हेडफोनवर ऐकता येतो, पण तिथे आवाजाची दिशा गणितानं भासवलेली असते. कुणाला ती पटते, कुणाच्या डोक्यातच घोटाळते. तेव्हा कंपन्यांनी अशा प्रत्येक संचात मूळ स्टीरिओही, आवाज फुगवून सपाट न करता, द्यायलाच हवा. आणि घेणाऱ्यांनी वेष्टनावर दोनच गोष्टी शोधाव्यात: मिक्सिंग कोणी केलं आणि ते मल्टिट्रॅकवरून केलं का. ही माहिती छापलेली नसेल तर खुशाल जुनी सीडी ऐका.