वाजवणाऱ्यांचीही पुण्यतिथी असते

संगीतकार गेला की चौकाला नाव मिळते, पुण्यतिथीला त्याच्या गाण्यांची मैफल भरते. ते योग्यच, पण त्या गाण्यांत वाजवणारे मात्र निनावीच जातात. जुन्या तबकडीवरचा कागद पाहा : चित्रपट, गायक, संगीतकार, गीतकार. व्हायोलिन कोणाचे, सॅक्सोफोन कोणाचा, याचा पत्ता नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले आणि हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ घडला. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसोझा यांनी वर्षानुवर्षे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातून गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोहोचले, पण ते एका खऱ्या वादकाचे आहे हे किती जणांना ठाऊक होते? २०१२ मध्ये ते गेले.

चाल तर संगीतकाराचीच, असे कोणी म्हणेल. मान्य, पण वादकाला श्रेय दिल्याने संगीतकाराचे कमी होत नाही. नोंदीच नाहीत, हा दुसरा आक्षेप अर्धाच खरा आहे. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने या वादकांना गाठून, बोलते करून २००८ मध्ये पुस्तक काढले. म्हणजे इच्छा असली की नावे सापडतात. पुतळे नकोत. पुढच्या स्मृतिमैफलीत निवेदकाने प्रत्येक गाण्याआधी वाद्यसंयोजकाचे आणि ठाऊक असलेल्या वादकांचे नाव घ्यावे. त्याला एक मिनिटही लागत नाही.